दर्शनाची अदलाबदल

मॅच हरल्यावर प्रशिक्षकाला पहिली लाज कोणाची वाटते? लोकांना वाटतं, मालकाची. मला ती घराखालच्या भाजीवाल्याची वाटायची. कामोठ्यात आमच्या सोसायटीच्या गेटाजवळ त्याची गाडी असते. संघाचं पोस्टर त्याच्या मागच्या भिंतीवर आम्हीच चिकटवलं होतं, त्यामुळे तोही स्वतःला संघाचा माणूस समजायचा. हरून आलो की दुसऱ्या दिवशी मी मेथीची जुडी हातात घ्यायची आणि तो वजनकाट्याकडे बघत विचारायचा, "मॅडम, परत?" एवढंच. त्या सीझनला हे इतक्यांदा ऐकलं की मी भाजीला पार कळंबोलीला जायला लागले. घरी सांगितलं, तिकडे ताजी मिळते.

या लेखात मला जिंकलेल्या मॅचेसबद्दल लिहायला सांगितलं होतं. तशा मॅचेस आहेत. शाळेत आणि नंतर कॉलेजात खेळाची शिक्षिका म्हणून उभा जन्म गेला. कपाट भरून कप आहेत, त्यांची धूळ पुसायचाही कंटाळा येतो. पण माझ्या कामातली जी मॅच मला रोज आठवते तीही आम्ही जिंकलेलीच आहे, आणि तिच्याबद्दल माझं कोणी अभिनंदन केलं की मी विषय बदलते. तीच सांगते.

मी निवृत्त झाले त्याच सुमारास राज्यातल्या शहरांची मुलींची बास्केटबॉल लीग निघाली. नवी मुंबईच्या संघाला प्रशिक्षक हवी होती. आमच्या सोसायटीतल्या बायका आजही मला "तुमचं व्हॉलीबॉल कसं चाललंय?" असं विचारतात, त्यावरून या खेळाची आपल्याकडे काय पत आहे ते समजावं. संघाचे मालक गुजर साहेब. तुर्भ्याला त्यांची गोदामं. माणूस वाईट नव्हता. मुलींना वेळेवर मानधन द्यायचा, प्रवासाला चांगली बस द्यायचा. फक्त खेळाडूंबद्दल बोलताना त्यांच्या तोंडात गोदामाची भाषा यायची. "हा पीस आपल्याला चालणार नाही," असं ते एकदा एका मुलीबद्दल तिच्यासमोर म्हणाले होते. मी त्यांना बाजूला घेऊन झापलं. तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

लीगच्या नियमात एक गोष्ट होती जी मला पहिल्या दिवसापासून खटकायची. सीझनच्या मध्यावर थोडे दिवस खेळाडूंची अदलाबदल करायची मुभा होती. तुमची एक मुलगी त्यांना, त्यांची एक तुम्हाला. दोन्ही मालकांनी ठरवायचं. मुलीची संमती लागायची, पण ती करारावर सही करतानाच घेऊन ठेवलेली. म्हणजे पनवेलच्या मुलीला सोमवारी कळायचं की शुक्रवारपासून तू सोलापूरची. पहिल्या वर्षी आम्ही मधल्या नंबरावर होतो, अदलाबदलीचा विषयच निघाला नाही. दुसऱ्या वर्षी निघाला आणि तो दर्शनाचा निघाला.

दर्शना म्हात्रे घणसोलीजवळच्या तळवली गावची, आगरी घरातली. घणसोलीच्या शाळेत मी शिकवत होते तेव्हाची माझी विद्यार्थिनी. सातवीत असतानाच वर्गातल्या सगळ्यांपेक्षा हातभर उंच, आणि त्या उंचीची इतकी लाज की खांदे पाडून, मान खाली घालून चालायची. मी तिला बास्केटखाली उभी केली आणि सांगितलं, इथे तुला वाकायची गरज नाही. पुढे कॉलेज, जिल्हा, राज्य असं करत ती आमच्या संघात आली. पहिल्या सीझनला होर्डिंगवर तिचाच फोटो होता.

तिचे वडील बळीराम म्हात्रे. गावातल्या हळदी-लग्नांना मंडप घालायचा त्यांचा धंदा. वाशीच्या हॉलमध्ये आमची मॅच असली की अर्धं तळवली टेम्पोत बसून यायचं आणि बळीरामदादांच्या ओळखीची, हळदीत वाजवणारी बेंजो पार्टी सोबत असायची. दर्शनाने बास्केट केली की बेंजो वाजायचा. दुसऱ्या संघांच्या मुली आधी दचकायच्या, मग हसायच्या. आमच्यासारखी मजा लीगमध्ये कोणाचीच नव्हती.

दुसऱ्या सीझनला हे सगळं बिघडलं. दर्शनाच्या हातून चेंडू बास्केटमध्ये जाईना. बास्केटखालून, मोकळं असताना, जिथून ती डोळे मिटून टाकायची तिथूनही जाईना. सगळ्यात वाईट हालत फ्री थ्रोची. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: कोणी तुम्हाला धक्का मारला, हात पकडला, तर त्या संघाला शिक्षा म्हणून तुम्हाला दोन मोकळे फटके मिळतात. रेषेवर एकटं उभं राहायचं, समोर कोणी अडवायला नाही, आणि चेंडू टाकायचा. खेळातली सगळ्यात सोपी गोष्ट, आणि सगळ्यात कठीणही, कारण तेवढा वेळ खेळ थांबलेला असतो आणि अख्खा हॉल एकट्या तुमच्याकडे बघत असतो. दर्शना रेषेवर जायची आणि तिचे खांदे शाळेतल्यासारखे पडायचे. बेंजो गप्प. आम्ही हरत गेलो. टेम्पो येतच राहिला, पण आता त्यातली माणसं मॅच संपायच्या आधीच उठायची.

अदलाबदलीचे दिवस आले तेव्हा आम्ही सगळ्यात खाली होतो. गुजर साहेबांनी तुर्भ्याच्या ऑफिसात बोलावलं. सोबत माझा सहायक फरहान मुकादम. फरहान तळोज्याचा, कोकणी मुसलमान घरातला, वडिलांचा कापडाचा धंदा सोडून या खेळात पडलेला. लॅपटॉपवर प्रत्येक मुलीचा प्रत्येक फटका त्याच्याकडे असायचा. त्याच्याइतका हुशार सहायक मला दुसरा मिळाला नाही.

"नागपूरवाले दर्शनाला मागतायत," गुजर साहेब म्हणाले. "बदल्यात श्रुती देतायत. फरहान, सांग मॅडमना."

फरहानने माझ्याकडे न बघता सांगितलं. श्रुती बुटकी पण चपळ, चेंडू पुढे नेणारी. आपल्याकडे नेमकी तीच जागा लंगडी आहे. दर्शनाकडे चेंडू पोचतच नाही, पोचला तर दोघी-तिघी तिच्यावर तुटून पडतात. नागपूरला उंच मुलगी हवी आहे. "मॅडम, कागदावर बघितलं तर दोन्ही टीमचा फायदा आहे."

"कागदावर," मी म्हटलं. "ती पोरगी कागदाची आहे का?"

"इमोशनल नका होऊ, मॅडम," गुजर साहेब म्हणाले. "मी पण टेन्शनमध्ये आहे. शेवटच्या नंबरावर राहिलो तर लीग आपल्याला पुढच्या वर्षी घेणार नाही. मग एका दर्शनाचं नाही, सगळ्या पोरींचं मानधन बंद."

ते खोटं नव्हतं. आमच्या संघात एक मुलगी त्या पैशावर बी.एड. करत होती, एकीचं घर त्यावर चालत होतं. तरी मी भांडले. म्हटलं, पडत्या काळात पोरीला बाहेर काढलं तर बाकीच्यांना काय कळेल? की वाईट खेळलात की गेलात. मग प्रत्येकजण स्वतःला वाचवायला खेळेल, कोणी चेंडू मागणार नाही. दर्शना या गावची आहे, ती गेली तर स्टँडमध्ये येणार कोण? आणि खेळाडूचा हात जातो तसा परतही येतो, थोडी वाट बघावी लागते. मी बरंच बोलले. चांगलं बोलले असणार, कारण शेवटी गुजर साहेब म्हणाले, "ठीक आहे. रविवारपर्यंत विचार करा. तुम्ही नको म्हणालात तर नको."

जिना उतरताना फरहान म्हणाला, "मॅडम, एक विचारू? तिला विचारलंय का कोणी?"

"तिला कशाला आत्ताच टेन्शन द्यायचं?" मी म्हटलं. 

दुसऱ्या दिवशी मी तळवलीला गेले. विचारायला नाही, सांगायला. की तुला काढायचं चाललं होतं, मी होऊ दिलं नाही, आता निर्धास्त खेळ. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघायची मला घाई झाली होती.

बळीरामदादा घरासमोर मंडपाच्या कापडांच्या घड्या घालत होते. मला बघून उभे राहिले आणि हात जोडले. आधी ते कधी हात जोडत नसत. "या मॅडम" म्हणून मोठ्याने हाक मारायचे.

"बसा, मॅडम. त्या खुर्चीवर नको, डुगडुगते ती." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमी काय बोलाया आलाव ते मना ठावं हाय. काढून टाका पोरीला. आमी काय बोलनार नाय."

"दादा, मी काढायला नाही आले."

"माजे पोरीचे पायी तुमचा नाव खराब होतंय. मी नाक्यावर जात नाय आता. लोक बोलतान, बल्याची पोर फोटोपुरती." त्यांनी हातातलं कापड उगाचच पुन्हा उलगडलं. "मीच घेऊन आलतू ना सगल्यांना टेम्पो भरून. आता कुना-कुनाला सांगू नका येऊ?"

दर्शना दारात येऊन उभी होती. तिने मला चहा दिला आणि आम्ही घरामागे गेलो, जिथे मंडपाचे बांबू रचलेले असतात. मी तिला सगळं सांगितलं. नागपूर, श्रुती, आणि मी कशी भांडले ते. ते जरा जास्तच सविस्तर सांगितलं असेन.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही नाही का म्हणालात?"

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"मला जायचंय," ती म्हणाली. "मला इथे नाही खेळता येत. वाशीला मी रेषेवर उभी राहिले ना, की मला एकेकाचा आवाज ओळखू येतो. हा विलासकाका, हा पप्पांचा बेंजोवाला, ही आमची आत्या. कोण खोकलं तेपण कळतं. गेल्या वर्षी त्याची मजा वाटायची, आता भीती वाटते. माझं नाव घेतात. मग हात इतका जड होतो की चेंडू उचलत नाही. बाहेरच्या मॅचला नाही होत असं. तुम्ही बघितलंय का? नाशिकला माझे सगळे फ्री थ्रो गेले होते."

मी बघितलं नव्हतं. म्हणजे डोळ्यांनी बघितलं होतं, पण हरलो याच दुःखात होते. फरहाननेही मॅच घरची की बाहेरची असं कधी वेगळं काढलं नव्हतं.

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? गावातले लोक माझ्यासाठी येतात, त्यांना येऊ नका सांगू? पप्पांना सांगू की तुमच्यामुळे मी हरते?" तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "हे कोणाला सांगू नका, मॅडम. पप्पांना तर नकोच. फक्त जाऊ द्या मला."

ज्या मीटिंगमध्ये मी 'ती पोरगी कागदाची आहे का' असं ठणकावलं होतं, त्या मीटिंगमध्ये तिला काय हवंय हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि मला तर सगळ्यात कमी. हे परतताना लक्षात आलं तेव्हा गाडी घणसोलीच्या सिग्नलला थांबली होती, मागचा हॉर्न वाजवत होता आणि मी ब्रेकवर पाय दाबून तशीच बसले होते. त्याच संध्याकाळी मी गुजर साहेबांना फोन केला. "द्या तिला नागपूरला," म्हटलं. ते म्हणाले, "बघा, शांतपणे विचार केला की पटतं." मी काहीच खुलासा केला नाही.

दर्शना गेली. श्रुती आली. फरहानचा हिशेब बरोबर निघाला. श्रुती चेंडू घेऊन वाऱ्यासारखी पुढे जायची, बाकीच्या मुलींना आता पळायला कारण मिळालं, आणि आम्ही अधूनमधून जिंकू लागलो. तिकडे नागपूरने दर्शनाला बास्केटखालून काढून जरा पुढे उभी केली. तिथून ती पास द्यायची, स्वतः टाकायची, आणि फ्री थ्रोही मारायची. फरहान मला तिचे व्हिडिओ दाखवायचा. एकदा मी त्याला म्हटलं, "बघ, खांदे कसे सरळ आहेत." तो म्हणाला, "मॅडम, पोरगी खूश आहे." अदलाबदल करावी की नाही, असं मला कोणी आज विचारलं तर खेळ म्हणून माझं उत्तर आहे: करावी. दोन्ही संघांचं भलं झालं होतं आणि दर्शनाचंही. इथेच हे सगळं संपलं असतं तर मी हे मजेत लिहिलं असतं.

सीझनची आमची शेवटची मॅच वाशीला होती आणि समोर नागपूर. आम्ही जिंकलो तर शेवटच्या नंबरावरून वर सरकणार होतो, हरलो तर संघ बंद. नागपूरला त्या मॅचचं काही पडलेलं नव्हतं. ते आधीच पुढच्या फेरीत गेले होते. मॅचआधी दर्शना आमच्या बाकापाशी आली, वाकून माझ्या पाया पडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मुली तिच्या गळ्यात पडल्या.

तळवलीचा टेम्पो आला होता. बळीरामदादा पोरीचा डबा घेऊन आले होते आणि एका टोकाला एकटेच बसले होते. बाकी गाव मात्र आमच्या बाजूने होतं. गावातल्या पोरांना वाटत होतं दर्शना मोठी झाली, गाव सोडून गेली. मॅच सुरू व्हायच्या आधीच दोघा-तिघांनी "ओ नागपूरवाली" अशी हाक मारली होती.

शेवटच्या भागात आम्ही थोडक्याने मागे होतो आणि आम्हाला मागे ठेवत होती ती दर्शनाच. चेंडू तिच्याकडे आला की काहीतरी घडायचं. मी टाइमआऊट घेतला. मुली धापा टाकत भोवती उभ्या राहिल्या. फरहान काहीतरी आखणी सांगत होता. मी त्याला थांबवलं.

"दर्शनाच्या हातात चेंडू आला की फाउल करा," मी म्हटलं. "प्रत्येक वेळी. चेंडूवर हात मारायला जा, पण टाकू देऊ नका. रेषेवर पाठवा तिला."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. यात नियमाबाहेरचं काही नाही. फ्री थ्रो कच्चे असलेल्या खेळाडूला मुद्दाम रेषेवर पाठवणं ही जगभर चालणारी युक्ती आहे. मीच मुलींना वर्षानुवर्षं शिकवली होती.

फरहान गोंधळला. "मॅडम, तिला कशाला? ती आता फ्री थ्रो मारते. माझ्याकडे सगळं आहे. फुकट पॉइंट देऊ आपण."

"इथे नाही मारणार."

"कशावरून?"

शिट्टी वाजली.

पहिल्या वेळेला श्रुतीच तिच्या अंगावर गेली. दर्शना रेषेवर आली. हॉलमध्ये आधी शांतता होती. मग स्टँडमधून एक पोरगा ओरडला, "नाय जानार!" लोक हसले. तिने चेंडू टाकला, तो रिंगला लागून बाहेर आला. दुसऱ्या वेळी आठ-दहा जण ओरडले. मग सगळा कोपरा टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणू लागला, "नाय जानार! नाय जानार!" आणि चेंडू बाहेर पडला की बेंजो वाजायला लागला. तोच बेंजो. दर्शनाने एकदा वळून आमच्या बाकाकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. आपण नीट ऐकलं का, याची कोणी खात्री करून घेतं तशी ती बघत होती. मी पाण्याची बाटली उघडण्यात गुंतल्यासारखं केलं.

बळीरामदादा उठले. माणसांतून वाट काढत बेंजोवाल्यांपाशी गेले आणि काहीतरी बोलले. बेंजो थांबला. पण आता ते ओरडणं तळवलीपुरतं राहिलं नव्हतं, सगळा हॉल ते म्हणत होता, आणि एका माणसाच्या सांगण्याने थांबणारं नव्हतं. दादा परत जागेवर जाऊन बसले, डबा मांडीवर घेऊन.

पुढच्या वेळेला तिचा एक चेंडू कसाबसा आत गेला. त्यापुढचे दोन्ही चुकले. आमच्या मुलींनी तिकडे जाऊन बास्केट केली आणि आम्ही पुढे गेलो. नागपूरच्या प्रशिक्षकाने दर्शनाला बाहेर घेतलं. ती बाकावर बसली, टॉवेल डोक्यावरून पुढे ओढला, आणि मॅच संपेपर्यंत तो काढला नाही.

आम्ही जिंकलो. मुली रडत होत्या, नाचत होत्या. गुजर साहेबांनी आणलेला हार माझ्या गळ्यात पडला. "मॅडम, काय डोकं लावलंत!" ते म्हणत होते. "सांगा ना, कसं सुचलं?" फरहान सामान आवरत होता. त्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला. तो विचारत नव्हता.

हॉलबाहेर बळीरामदादा भेटले. मी हार काढून पर्समध्ये कोंबला होता, त्याची झेंडूची फुलं बाहेर आली होती. "जिंकलाव ना, मॅडम," ते म्हणाले. "बरा झाला. पोरींचा पगार चालू राहील." त्यांना काहीच माहीत नव्हतं. डबा तसाच भरलेला होता. दर्शना संघाच्या बसमध्ये जाऊन बसली होती आणि त्यांनी तिला खाली बोलावलं नव्हतं.

मला वाटलं होतं, एक मॅच. पण लीगमधले सगळे संघ एकमेकांचे व्हिडिओ बघतात. पुढच्या फेरीत समोरच्या संघाने पहिल्या मिनिटापासून दर्शनाला रेषेवर पाठवलं, आणि त्यांच्या प्रेक्षकांना काय ओरडायचं ते माहीत होतं. 'नाय जानार' हे शब्द आगरी आहेत हेही त्यांना ठाऊक नसेल, पण ठेका तोच होता. अनोळखी माणसांतही तिला आता आवाज ऐकू यायला लागला. नागपूर हरलं. पुढच्या वर्षासाठी त्यांनी तिला ठेवलं नाही, आणि दुसऱ्याही कोणी मागितलं नाही.

मी संघ सोडला. गुजर साहेबांनी निरोप समारंभ केला, त्यात त्या मॅचचा व्हिडिओ पडद्यावर लावला. मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेले आणि तो संपेपर्यंत तिथेच उभी राहिले. फरहान आता प्रशिक्षक आहे, आणि माझ्यापेक्षा चांगला आहे. त्याने खेळाडूंच्या करारातली ती आधी घेतलेली संमती काढून टाकायला लावली. अदलाबदल करायची तर मुलीला समोर बसवून विचारायचं. ते मला सुचायला हवं होतं.

मी दर्शनाला फोन करायचे आणि रिंग वाजायच्या आत कापायचे. शेवटी गेल्या हिवाळ्यात एका सकाळी तळवलीला गेले. बळीरामदादा म्हणाले, "ती ग्राउंडवर गेलीय. रोज जाते." घणसोलीच्या सेक्टरातल्या त्या मैदानावर, जिथे मी तिला शाळेत असताना न्यायचे, ती एकटीच होती. फ्री थ्रोच्या रेषेवर. चेंडू टाकत होती, धावत जाऊन उचलत होती, परत रेषेवर येत होती.

"दर्शना," मी म्हटलं, "मला त्या वाशीच्या मॅचबद्दल बोलायचंय."

"माहितीये मला," ती म्हणाली. "श्रुती अंगावर आली तेव्हाच कळलं. हे फक्त तुम्हालाच सांगितलं होतं."

"चूक झाली माझी. संघ बंद पडला असता, पण ते काही..."

"मॅडम, मला राग आला होता. अजून आहे." तिने चेंडू दोनदा आपटला. "तुम्ही सॉरी म्हणालात की मला 'असू दे' म्हणावं लागेल. ते मला नाही म्हणायचंय."

 जावं की थांबावं कळेना. फिरायला आलेली माणसं मैदानाच्या कडेने चालत होती. आजूबाजूला इतकी शांतता होती की चेंडूचा आवाज इमारतींवर आपटून परत येत होता.

"फरहान सर म्हणालेत, ट्रायलला ये," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात. वाशीला." मग तिने बास्केटकडे बोट दाखवलं. "तुम्हाला वेळ आहे ना? तिकडे उभ्या राहा. इथे एकटीचे सगळे जातात, त्याचा काही उपयोग नाही. मला आवाज पाहिजे."

"कसला आवाज?"

"माहितीये तुम्हाला कसला."

मी पर्स खांबाला टेकवून ठेवली आणि बास्केटखाली जाऊन उभी राहिले. ती रेषेवर आली. मी तोंड उघडलं आणि 'नाय' एवढंच निघालं, तेही स्वतःशीच बोलल्यासारखं. तिने चेंडू खाली घेतला.

"मॅडम, एवढ्याशाने काय होणार?"

चालणारी दोन माणसं थांबून बघायला लागली. त्यातले एक शाळेतल्या कोणा मुलीचे वडील असावेत. त्यांनी मला ओळखून नमस्कार केला. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. दोन्ही हात तोंडाशी धरले आणि जेवढा घसा होता तेवढा काढून त्या ठेक्यात ओरडले. नाय जानार. नाय जानार. पहिल्यांदा आवाज फाटला, मग लागला. दर्शनाचे खांदे खाली गेले. ती तशीच थांबली, श्वास घेतला आणि चेंडू टाकला.

तो रिंगवर आदळून माझ्याकडे आला. मी उचलून तिला दिला.

"थांबू नका," दर्शना म्हणाली.